पंचायतीतली शिकाऊ

आधीच सांगते, माझं अक्षर किरटं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. शाळा चौथीपर्यंत झाली. त्यानंतर पेन हातात धरलं ते सहीपुरतं. पंचायतीत नव्या वर्षाला डायऱ्या येतात, त्यातली एक मला मिळाली होती, ती ट्रंकेत पडून होती. तिच्यात लिहितेय. कोणाला दाखवायची नाही. तरी चुकून कोणाच्या हाती लागली तर चुका पोटात घालाव्यात. आणि सगळं वाचूनही नीट उमगलं नाही, तर तो दोष अक्षराचा धरू नये. मलाच अजून पुरतं उमगलेलं नाही.

मी आमच्या ग्रामपंचायतीत झाडलोट करते, पाणी भरते, चहा करते. कार्यालयाची किल्ली माझ्याकडे असते. गाव आमचं रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला जाणाऱ्या रस्त्यावर, खाली समुद्र आणि वर कातळ.

रुपाली आमच्याच वाडीतली, तात्यांची धाकटी सून. माहेर रत्नागिरीत. नवरा बोटीवर, वर्षातले बरेच महिने पाण्यात. मुलगा शाळेत जाणारा. ती बी. ए. झाली आहे हे ऐकून होते, पण मी तिला पाहिलेली ती डोक्यावर पदर आणि कमरेवर कळशी अशीच. गणपती पंधरा दिवसांवर आले होते. त्या पावसात ती पंचायतीच्या दारात छत्री झटकत उभी राहिली. पदर खांद्यावर पिन लावून, डोळ्यांवर चष्मा.

मी म्हटलं, "काय गो, दाखला हवा?"

"नाही काकी. मी आजपासून इथेच."

मला वाटलं माझी जागा गेली. खरंच तसं वाटलं. मी झाडू घट्ट धरून उभी राहिले. मग आमच्या ग्रामसेवकांनी, म्हणजे भाऊसाहेबांनी, समजावलं. सरकारने योजना काढली होती. शिकलेल्या पण नोकरी नसलेल्या लोकांनी सहा महिने सरकारी कार्यालयात बसायचं, काम शिकायचं आणि त्याचे पैसे सरकारने थेट त्यांच्या खात्यात भरायचे. त्याला पगार म्हणायचं नाही, विद्यावेतन म्हणायचं. हजेरी आपण इथून कळवायची, पैसे वरून येणार.

"मग माझं काम काय?" रुपालीने विचारलं.

भाऊसाहेब कोल्हापूरकडचे. त्यांनी कागद उलटासुलटा करून पाहिला. "तुमचं नाव हाय ह्यात, ताई. काम न्हाई लिवलेलं. बसा तोवर."

बसायचं कुठे, हेही त्यात लिहिलेलं नव्हतं. कार्यालयात खुर्च्या तीनच, त्या सरपंच, भाऊसाहेब आणि क्लार्क नंदू यांच्या. रुपाली बाहेरच्या बाकड्यावर बसली. ते बाकडं कामासाठी आलेल्या लोकांचं. त्यामुळे दाखल्याला आलेला प्रत्येक जण तिला म्हणायचा, "वैनी, तुमचा नंबर आधी, तुम्ही जा." ती आत जायची, भाऊसाहेब विचारायचे, "काय हो ताई?" ती म्हणायची, "काही नाही, नंबर आला." दोन-तीन दिवस असंच चाललं. शेवटी ती घरून लाल प्लास्टिकची खुर्ची घेऊन आली. सकाळी खुर्ची घेऊन यायची आणि संध्याकाळी घेऊन जायची, कारण तात्यांना संध्याकाळी ओटीवर बसायला तीच लागायची. पावसात ती खुर्ची डोक्यावर उलटी धरून यायची, म्हणजे छत्रीचंही काम व्हायचं. अख्खी वाडी बघत असायची. तिला लाज वाटत नव्हती की वाटत असूनही ती चालत होती, मी कधी विचारलं नाही. मला असलं विचारायला जमत नाही.

माझा घोळ वेगळाच होता. आमच्याकडे सरपंच आणि भाऊसाहेब यांना कपबशी. नंदू, पाणी सोडणारा आणि मी, आम्हाला स्टीलचे ग्लास. आता हिला काय द्यावं? पहिल्या दिवशी कप दिला, तर नंदूने कपाकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी ग्लास दिला, तर मलाच बरं वाटेना, तात्यांच्या घरची सून. तिसऱ्या दिवशी दोन्ही घेऊन तिच्यासमोर उभी राहिले. ती समजली.

"काकी, मलाही माहीत नाही मी कोण ते," ती म्हणाली. "पैसे येईस्तोवर ग्लासच द्या. आले की कप."

हाकेचंही तसंच. वाडीत मी तिला 'रुपाली गो' म्हणणार, आणि कार्यालयात? 'मॅडम' म्हणावं तर हसू यायचं. शेवटी मी हाकच मारायची सोडली. जवळ जाऊन खाकरायचे.

तिची एक सवय होती. काहीही दाखवा, ती विचारायची, "असं का?" घरपट्टीची पावती तीन प्रतींत का? मेलेल्या माणसाची नोंद करायला जिवंत माणसाचं रेशनकार्ड का? नंदू आधी कौतुकाने सांगायचा, मग वैतागला. "वैनी, हे आमच्या आधीच्यांनी असंच केलंनी. आम्ही पण असंच करतो. तुम्ही पण असंच करा. ह्यालाच शिक्षण म्हणतात." ती हसली नाही. "बरं," म्हणाली आणि तसंच केलं. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा, "पण का?"

लोकांना ती सरकारची कोणी मोठी बाई वाटायला लागली होती. खालच्या वाडीतली एक म्हातारी घरकुलासाठी रोज यायची. भाऊसाहेब "बघू" म्हणायचे, म्हणून ती रुपालीच्या पाया पडायला वाकली. रुपाली झटकन उठली ती खुर्चीसकट मागे पडली. "आजी, मी शिकाऊ आहे. माझ्या सहीला काही किंमत नाही." म्हातारी म्हणाली, "किंमत नाय कशी? चष्मा हाय ना तुला." मग रुपालीने तिला शेजारी बसवून तिचे कागद लावून दिले. त्यात एक कागद कमी होता आणि तो कोणाकडे मिळेल हे रुपालीलाही कळेना, भाऊसाहेबांनाही कळेना. म्हातारी मात्र खूश होऊन गेली. घरकुल अजून व्हायचं आहे.

मग गणपती आले. कोकणात गणपतीत कार्यालय उघडं असतं का, हा प्रश्न इथलं कोणी विचारणार नाही. रीत अशी की वाडीतली मंडळी रोज घरोघर आरतीला जातात, एकाही घराचा गणपती आरतीवाचून राहू द्यायचा नाही. पंचायतीची माणसं त्या मंडळींत असतातच. कोणाला सही हवी असली तर तो आरतीतच कागद पुढे करतो, झांजा बाजूला ठेवून सही होते. त्याला कधी कोणी रजा म्हटलं नाही. नंदूने दरवर्षीप्रमाणे सगळ्यांच्या नावापुढे हजर लिहिलं. सगळ्यांत रुपालीचं नावही आलं.

भाऊसाहेब गावाकडे गेले होते. मी सकाळी कार्यालय उघडून दिवा लावायचे आणि कुलूप घालून आरतीला यायचे. गौरीच्या दिवशी कुलपालाही हळदकुंकू लावलं आणि तेरड्याचं फूल खोवलं. नेमके त्याच दिवशी तालुक्याहून एक साहेब गाडीने आले. दार बंद. त्यांनी कुलपाचा फोटो काढला, फुलासकट.

हे आम्हाला तेव्हा कळलं नाही. तेव्हा कळलं ते एवढंच की रुपालीच्या खात्यात पहिल्या महिन्याचे पैसे आले. तिच्या आयुष्यातली पहिली कमाई. तिने ती काढून आणून देवापुढे ठेवली आणि मग तात्यांच्या हातात दिली. आमच्याकडे पहिली कमाई वडीलधाऱ्यांच्या हातात द्यायची असते. तात्यांनी त्यातून ओटीला नवी लादी बसवून घेतली. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "सूनबाईची लादी हो. चपला बाहेर काढा." मी त्या दिवशी तिला चहा कपात दिला.

दिवाळी झाल्यावर पत्र आलं. भाऊसाहेबांनी ते दोनदा वाचलं आणि रुपालीला आत बोलावलं. मी फडकं घेऊन तिथेच होते. गणपतीत कार्यालय बंद असताना तुम्ही हजर कशा, खुलासा द्या, असं पत्रात होतं. भाऊसाहेब आणि नंदू यांच्या शिल्लक रजेतून ते दिवस वळते झाले. माझे त्या दिवसांचे पैसे कापले. आम्हाला कोणी काही बोललं नाही. शिकाऊला मात्र रजाच नसते, म्हणजे ते दिवस वळवायचे कुठून?

भाऊसाहेब मनाने वाईट नव्हते. म्हणाले, "ताई, सोपं हाय. त्या दिवसांत गृहभेटी दिल्या असं लिवा. घरोघरी गेला होता न्हवं?"

"गेले होते."

"नंदू बरोबर होता?"

"होता. कुठल्या घरात शौचालय नाही, कुठे म्हातारी एकटी आहे, सगळं दाखवलं त्यांनी वाटेत. खरं सांगू का भाऊसाहेब, मला गाव कळलं ते त्या दिवसांतच. इथे बसून नाही."

"मग झालं की! लिवा."

ती म्हणाली, "पण माझ्या डोक्यावर पदर होता."

"आँ?"

"पदर घेऊन गेले होते. तात्यांची सून म्हणून. पंचायतीची म्हणून गेले असते तर चष्मा लावला असता."

भाऊसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी टेबल पुसायला लागले. मला काय कळणार? मला अजूनही वाटतं की भेट ती भेट. पण तिने खुलाशात लिहिलं ते असं, नंदूने मोठ्याने वाचून दाखवलं म्हणून लक्षात आहे: 'मी घरोघरी गेले. आरती म्हटली. प्रसाद घेतला. कामही थोडं कळलं. हजेरी मी मांडलेली नाही, पण पैसे मला आले आहेत.'

नंदू म्हणाला, "वैनी, हा खुलासा नाय. ही कबुली आहे."

"असेल," ती म्हणाली.

उत्तर आलं. त्या महिन्याची हजेरी खोटी, म्हणून त्या महिन्याचं सगळं विद्यावेतन परत भरा. ते भरेपर्यंत पुढचं मिळणार नाही आणि शेवटचं प्रमाणपत्रही नाही. भाऊसाहेबांनी पत्र पाठवणाऱ्या साहेबांना फोन करून विचारलं, पुढच्या महिन्यातून कापून घ्या ना. तर नाही. दिलेले पैसे हातानेच परत यायला हवेत. का, ते त्या साहेबांनाही सांगता आलं नाही.

तात्या तापट माणूस. त्यांनी अंगणातूनच आवाज चढवला. "सरकार पैसे मागारी मागतंय म्हणजे चोरी केलीस? चोरीच्या पैशाची लादी माझ्या ओटीला?" त्या दिवशी ते लादीवर बसले नाहीत, पायरीवर बसले. मग जरा शांत होऊन म्हणाले, "मी भरतो. काजूचे आहेत थोडे. पण उद्यापासून घरी बसायचं. बस झाली पंचायत."

यात कोंडी कुठे होती ते वाडीतल्या प्रत्येक बाईला कळलं असतं. तात्यांनी पैसे भरले असते तर रुपालीचं बाहेर पडणं तिथेच संपलं असतं, आणि एकदा असं घरी बसवलेली सून पुन्हा बाहेर पडत नाही. नवऱ्याला फोन केला तर तो पैसे पाठवणार, पण तो आधी तात्यांना विचारणार. तिने दोघांकडूनही घेतले नाहीत. तात्यांना म्हणाली, "तुम्ही भरलेत तर चूक तुमच्या नावावर जाईल. ती माझ्या नावावर आलीय, तिथेच राहू दे."

वरच्या रस्त्याला एक लॉज आहे. थंडीत पुळ्याला येणारे पर्यटक तिथे उतरतात. त्यांना सकाळी घावणे आणि चटणी हवी असते. रुपालीने ते काम धरलं. तात्यांच्या चुलीवर नको म्हणून माझ्या पडवीत. बिडाचा तवा माझा, तांदळाचं पीठ तिचं. उजाडायच्या आत यायची. घावणे लॉजवर पोचवून, अंघोळ करून, चष्मा लावून पंचायतीत वेळेवर हजर.

पहिले काही दिवस तिचे घावणे तव्याला चिकटायचे. मी नारळाच्या शेंडीने तेल फिरवून दाखवलं. तरी पहिला घावणा फाटला.

"पहिला फाटतोच," मी म्हटलं.

"पण का?"

मी लग्न होऊन आले तेव्हापासून घावणे घालतेय. मला कोणी हे विचारलं नव्हतं. मी दिवसभर विचार केला. तवा तापलेला असतो, पीठही तेच, हातही तोच. दुसऱ्या दिवशी तिला म्हटलं, "नाय कळलं गो." ती इतकी हसली की पळी पिठात पडली. माझ्या पडवीत एवढं कोणी हसलं नव्हतं.

तात्या रोज पायरीवरून बघायचे, ती टोपली घेऊन जाते ती. एकदा मी पाण्याला जाताना मला विचारलं, "लॉजवाले पैसे रोखीने देतात ना?" मी "हो" म्हटलं. "मोजून घे म्हणावं," म्हणाले आणि तोंड फिरवलं.

पैसे जमले तर ते घ्यायला कोणी तयार होईना. हे मला सगळ्यात कमी कळलं. रत्नागिरीला ती मला सोबत घेऊन जायची. पहिल्या कार्यालयात सांगितलं, बँकेत भरा. बँकेत सांगितलं, चलन आणा. चलन मागायला गेलो तर तिथल्या माणसाने विचारलं, "कुठल्या खात्याखाली जमा करू? पैसे देण्याचा रकाना आहे, घेण्याचा नाही." मग तो आम्हाला चहा पाजून म्हणाला, "ताई, तुम्ही नाही भरले तर चालणार नाही का?" रुपाली म्हणाली, "मला चाललं असतं. तुमच्याच पत्राला चालत नाही." त्याने पत्र पाहिलं, खालची सही पाहिली आणि म्हणाला, "सोमवारी या."

सोमवारी गेलो तर तो रजेवर. त्याच्या जागी जो होता त्याने आम्ही पैसे मागायला आलोय असं समजून आधीच सांगून टाकलं, "निधी आलेला नाही."

असं करता करता सहा महिने सरत आले. भाऊसाहेबांची बदली झाली. नवे आले त्यांनी पहिल्याच दिवशी मला विचारलं, "ही लाल खुर्ची कुणाची?" मी सांगितलं, तर म्हणाले, "त्या कोण?" मी काय सांगणार?

आता रुपाली गावात नसते. मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीच्या ऑफिसात लागली आहे, मुलाला घेऊन रत्नागिरीत खोली करून राहते. आजूबाजूच्या बाया म्हणतात प्रमाणपत्रामुळे लागली. नंदू म्हणतो, नाही, तिथे कागद कोणी बघितलाच नाही, बोलण्यावर घेतली. खरं काय, देव जाणे. गणपतीला येते, तेव्हा पाहुणीसारखी घाईत असते. म्हणून मला आठवते ती रत्नागिरीत पैसे भरायच्या खिडकीपुढची. तेवढंच लिहिते आणि थांबते.

शेवटचं बोलावणं आलं, पैसे घेऊन या, रकाना तयार झाला आहे. सकाळी एसटीच्या थांब्यावर आलो तर तात्या उभे. पांढरा सदरा, पायात नवी चप्पल. "माझं पण काम आहे रत्नागिरीत," म्हणाले. कसलं ते सांगितलं नाही. गाडीत आमच्या पुढच्या बाकावर बसले, मागे वळले नाहीत. रुपालीचा चेहरा उतरला. मला कानात म्हणाली, "काकी, आता तिथे पैसे काढून देतील आणि मला घरी नेतील." मला पण तसंच वाटलं. मी तिची पिशवी माझ्या मांडीवर घेतली. तात्यांपासून पिशवी लपवून काय होणार होतं, कोण जाणे.

कार्यालयात ते आमच्या मागोमाग आले. रांग होती. खिडकीत एक बाई होती, मान खाली घालून लिहिणारी. आमचा नंबर आला. रुपालीने पत्र पुढे सरकवलं. बाईने वाचलं, वर बघितलं आणि रुपालीला ओलांडून तिची नजर मागे तात्यांवर गेली. पांढरा सदरा, वयाचा माणूस. बायकांबरोबर पुरुष असला की सगळीकडे असंच होतं.

"काका, पैसे द्या," बाई म्हणाली.

तात्यांचा हात खिशाकडे गेला. मी पाहिला. रुपालीनेही पाहिला असणार. हात खिशात राहिला थोडा वेळ. मग तात्यांनी तो बाहेर काढला, रिकामा, आणि सदऱ्याला पुसला.

"माझ्याकडे काय मागता?" ते म्हणाले, जरा जोरातच, त्यांना हळू बोलता येत नाही. "ह्या आमच्या पंचायतीत शिकाऊ आहेत. ह्यांचे पैसे ह्या स्वतः भरतायत. मी नुसता बरोबर आलोय."

रांगेतले लोक बघायला लागले. रुपालीने वळून तात्यांकडे पाहिलं. ते भिंतीवरच्या सूचना वाचत होते, चष्म्याशिवाय. मी पिशवी तिच्या हातात दिली. तिने नोटा काढल्या, सगळ्या लहान-लहान. बाईने त्या मोजल्या, मध्येच चुकली, पुन्हा पहिल्यापासून मोजल्या. मग शिक्का मारून पावती दिली.

रुपालीने विचारलं, "आता काही बाकी?"

"काही नाही. पूर्ण भरलेत," बाई म्हणाली. "पुढचे या."